अपघाताची सुरुवात कोठे होते?

बेंगळूर शहरातील चामराजपेट ही वस्ती १८९२ साली आखली गेली आणि म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला मिळाले. सरळ समांतर रस्ते, त्यांच्या कडेची जुनी घरे, कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आणि हाकेच्या अंतरावर कृष्णराजेंद्र मार्केटची पहाटेपासूनची गजबज, असे या पेठेचे रूप आहे. शहाजीराजांना सतराव्या शतकात बेंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून या नगरीत मराठी कुळे नांदत आली आहेत. त्यामुळे येथील एखाद्या ओसरीवर कन्नड वळणाची मराठी कानी पडली तर नवल वाटत नाही.

अशाच एका ओसरीवर मराठी कुटुंबातील एक वृद्ध गृहस्थ बसत असत. सारी पेठ त्यांना नुसते 'राव' म्हणे. वर्तमानपत्रात कोणत्याही अपघाताची बातमी आली की ती मोठ्याने वाचून दाखवीत आणि चष्मा कपाळावर सारून एकच प्रश्न विचारीत, "ते सगळे असू द्या हो, शेवटी चूक कोणाची, तेवढे सांगा!" त्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना कधीच नीट देऊ शकलो नाही. आजचे हे भाषण म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर समजावे.

२००८ सालच्या मे महिन्यात देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला. तोपर्यंत प्रवासी विमाने शहराच्या पूर्वेस, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमानतळावर उतरत. पश्चिमेकडून उतरणाऱ्या विमानाची वाट दक्षिण बेंगळूरवरून, आमच्या पेठेच्या आसपासच्या आभाळातून जाई. चामराजपेटेपासून त्या धावपट्टीचे टोक सरळ रेषेत नऊदहा किलोमीटरांवर असेल. पायी चालणाऱ्यास हे अंतर दोन तासांचे आहे. उतरत्या विमानास ते दोन-सव्वादोन मिनिटांचे. या दोन-सव्वादोन मिनिटांत काय काय घडू शकते, आणि जे घडते त्याची मुळे किती मागे पसरलेली असतात, याचा विचार आज करू.

१४ फेब्रुवारी १९९० या दिवशी इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे विमान मुंबईहून बेंगळूरला येत होते. विमान एअरबस ए-३२० जातीचे, अगदी नवे. आदल्या वर्षीच ही विमाने कंपनीच्या ताफ्यात दाखल झाली होती. दुपारचा एक वाजून गेला होता. आकाश स्वच्छ होते, धावपट्टी समोर दिसत होती, यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. विमानात १४६ माणसे होती. धावपट्टी सातशे मीटरांवर राहिली असता विमान अलीकडच्या गोल्फच्या मैदानावर टेकले, उसळले, पुढच्या बांधावर आदळले आणि पेटले. ९२ माणसे प्राणास मुकली.

धडधाकट विमान, उत्तम हवा, अनुभवी वैमानिक, आणि तरीही हा अनर्थ! कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. शिवशंकर भट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. तिच्यातून शेवटच्या मिनिटाचे जे चित्र समोर आले, ते आपण साध्या शब्दांत पाहू.

या विमानास खाली उतरविण्याच्या अनेक स्वयंचलित रीती आहेत. एका रीतीत इंजिने वेग राखण्यापुरता जोर आपोआप कमीअधिक करीत राहतात. दुसऱ्या एका रीतीत इंजिने अगदी मंद ठेवून विमान जणू घसरगुंडीवरून उतरल्यासारखे खाली येते. ही दुसरी रीत उंचावर सोयीची असते. जमीन जवळ आल्यावर ती घातक ठरते. ६०५ क्रमांकाचे विमान शेवटच्या टप्प्यात याच दुसऱ्या रीतीत गेले होते. ते तसे का गेले याचा निश्चित निर्णय चौकशीस करता आला नाही. एक शक्यता मात्र पुढे आली. मिनिटास सातशे फूट या गतीने उतरावयाचे, असे वैमानिकांत ठरले होते. उतरण्याची गती ठरविणारी खुंटी आणि उंची ठरविणारी खुंटी या विमानात शेजारी शेजारी आहेत. हात एकीकडे जाण्याऐवजी दुसरीकडे गेला असावा, म्हणजे सातशेची गती मागण्याऐवजी सातशेची उंची मागितली गेली असावी. यंत्र आज्ञाधारक असते. ते अर्थ विचारीत नाही, आकडा पाळते.

याउपर एक संधी होती. दोन्ही वैमानिकांसमोर मार्गदर्शनाची स्वतंत्र यंत्रणा असते. दोन्ही यंत्रणा बंद केल्या की इंजिनांचा कारभार पुन्हा वेग राखण्याकडे वळतो. एकाने आपल्या समोरची बंद केली. दुसऱ्याच्या समोरची चालूच राहिली. इंजिने मंदच राहिली. जो वेग ताशी सुमारे २४५ किलोमीटर असावयास हवा होता तो उतरत उतरत २०० च्याही खाली आला. विमानातील यांत्रिक आवाज उंची सांगत होता : चारशे, तीनशे, दोनशे फूट. इतका वेळ आपण मंद इंजिनांवर उतरत आहोत, ही गोष्ट दोघांच्या बोलण्यात आलीही होती. परंतु जाणणे आणि करणे यांच्यात जी सेकंदे गेली तीच प्राणघातक ठरली. अखेर जोर दिला गेला. पण मंदावलेले जेट इंजिन पूर्ण जोरावर येण्यास काही सेकंद घेते, आणि तेवढी सेकंदे आता उरली नव्हती.

चौकशीने अपघाताचे संभाव्य कारण दिले ते असे, की परिस्थितीचे गांभीर्य वैमानिकांनी वेळीच ओळखले नाही आणि इंजिनांचे दांडे तत्काळ पुढे ढकलले नाहीत. रावांना हे उत्तर पुरेसे वाटले असते. चूक वैमानिकांची, प्रकरण संपले.

पण श्रोतेहो, प्रकरण येथे संपते की येथून सुरू होते?

त्या कक्षात दोन कॅप्टन होते. दोघांनाही सुमारे दहा दहा हजार तासांचा उड्डाणाचा अनुभव होता. परंतु या नव्या जातीच्या विमानावर एकाचे सत्तर तासही झाले नव्हते, आणि दुसऱ्याचे अडीचशेच्या आसपास. शिवाय त्या दिवशी एक जण परीक्षार्थी होता व दुसरा परीक्षक. परीक्षा चालू असताना परीक्षक बोटाने चूक दाखवितो की विद्यार्थी ती स्वतः ओळखतो का हे पाहत थांबतो? आणि विद्यार्थ्याचे लक्ष समोरच्या कामावर असते की परीक्षकाच्या मनात काय चालले आहे यावर? ज्याने कधी तोंडी परीक्षा दिली आहे त्याला याचे उत्तर ठाऊक आहे. दोन माणसे एकमेकांवर नजर ठेवण्यासाठी बसविली असता प्रत्यक्षात विमानाच्या वेगावर नजर ठेवण्याचे काम दोघांच्या मधल्या जागेत पडून राहू शकते. आपल्याकडे म्हणतातच, बारभाईंच्या कारभारात घर उघडे राहते.

तिसरी गोष्ट यंत्राच्या घडणीची. जुन्या विमानांत यंत्राने इंजिनांचा जोर कमी केला की हाताखालचे दांडेही मागे सरकत. टांगेवाल्यास लगामातून घोड्याची चाल कळावी तसे वैमानिकास ते तळहातातून कळे. ए-३२० मध्ये यंत्र जोर बदलते तेव्हा दांडे जागचे हलत नाहीत. बदल कळतो तो पडद्यावरील आकड्यांवरून आणि अक्षरांवरून. ही रचना वाईट आहे असे मला म्हणावयाचे नाही. जगभर ती रुळली आहे आणि आज कोट्यवधी लोक या विमानांतून सुखरूप प्रवास करतात. पण हजारो तास ज्याचा तळहात एक भाषा ऐकत आला, त्याला दुसरी भाषा पुरती अंगी बाणवण्यास किती काळ द्यावयाचा, हा प्रश्न एकट्या वैमानिकाचा नव्हे. तो शिकविणाऱ्यांचा, वेळापत्रक आखणाऱ्यांचा आणि खर्च मंजूर करणाऱ्यांचाही आहे. ही अडचण एकट्या भारताचीही नव्हती. दोन वर्षे होतात न होतात तोच, २० जानेवारी १९९२ रोजी, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ याच जातीचे विमान डोंगरावर आदळून ८७ माणसे मृत्यू पावली. तेथेही उतरण्याच्या कोनाचा आकडा यंत्राने उतरण्याची गती म्हणून घेतला असावा, असे अनुमान तपासात निघाले. देश वेगळा, माणसे वेगळी. पण सापळा त्याच जातीचा.

आता आपण महाराष्ट्रात येऊ. २६ एप्रिल १९९३. स्थळ औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मुंबईकडे निघाले. वेळ ऐन उन्हाळ्यातील दुपारची. तापलेली हवा विरळ असते व पंखांस कमी आधार देते, म्हणून अशा दिवशी उड्डाणास लांब धाव लागते. धावपट्टीच्या टोकाजवळून बीडचा रस्ता जात होता, आणि नेमक्या त्या क्षणी त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. विमान उशिरा उचलले गेले. त्याची चाके ट्रकला लागली, पुढे ते विजेच्या तारांत अडकले आणि कोसळले. ११८ पैकी ५५ जण मरण पावले.

या अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिने दोन कारणे एका दमात सांगितली. पहिले असे की विमान उचलण्यास वैमानिकांनी उशीर केला व उचलण्याची रीतही चुकली. दुसरे असे की उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक रोखून धरण्याची व्यवस्था विमानतळाच्या प्राधिकरणाने ठेवली नव्हती. श्रोतेहो, ही दोन कारणे तराजूत घालून पाहा. वैमानिकाचा उशीर काही क्षणांचा होता. रस्ता मात्र दिवसानुदिवस मोकळा होता. रोज विमाने उडत, रोज ट्रक जात, आणि रोज काही घडत नसे. काही घडत नाही म्हणून सारे ठीक आहे, असे प्रत्येकास वाटू लागते. रेल्वेच्या अनेक फाटकांवर माणूस बसविणाऱ्या देशात विमानाच्या वाटेवर फाटक नसावे याचे कोणालाही आश्चर्य वाटले नाही, कारण डोळ्यांना त्याची सवय झाली होती. सवयीचा धोका हा धोका म्हणून दिसत नाही, हेच त्याचे खरे भय आहे. त्या दिवशी विमान वेळेवर उचलले असते तर ट्रक निर्धास्त निघून गेला असता. ट्रक पलीकडे थांबविला असता तर विमान कदाचित निभावून गेले असते. दोन उणिवा एकाच क्षणी एका रेषेत आल्या.

जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ही कल्पना जगापुढे मांडली. त्याचा दृष्टान्त चीजच्या चकत्यांचा आहे. आपण आपल्या स्वयंपाकघरातील चाळणी घेऊ. एकामागे एक पाच-सहा चाळण्या उभ्या केल्या आहेत अशी कल्पना करा. यंत्राची रचना, वैमानिकांचे शिक्षण, कामाचे तास, विमानतळाची व्यवस्था, सरकारी देखरेख आणि शेवटी वैमानिकाची दक्षता, अशा त्या चाळण्या. प्रत्येकीस छिद्रे असतातच. पहिलीतून सुटलेला खडा बहुधा दुसरी अडविते, दुसरीतून सुटलेला तिसरी. परंतु एखाद्या दिवशी सगळ्या चाळण्यांची छिद्रे एका रेषेत येतात आणि खडा आरपार जातो. शेवटची चाळणी वैमानिकाची, म्हणून खडा तिच्यातून पडताना आपल्याला दिसतो, आणि आपण तिलाच फुटकी म्हणतो. बाकीच्या चाळण्यांकडे कोणी वळूनही पाहत नाही.

२२ मे २०१० च्या पहाटे मंगळूरच्या बजपे विमानतळावर असेच झाले. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान टेकडीच्या माथ्यावरील धावपट्टीपलीकडे जाऊन दरीत कोसळले. १६६ पैकी ८ जण वाचले. चौकशीत आढळले की कॅप्टन प्रवासाचा बराच भाग झोपलेले होते आणि उतरण्याच्या वेळी त्यांच्यावरील झोपेची गुंगी उतरली नसावी. विमान फार उंचावरून येत होते. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी तीनदा सुचविले; कॅप्टन उतरतच राहिले. हे झाले माणसांचे. आता व्यवस्थेचे पाहा. मंगळूरचे रडार दोन दिवसांपासून बंद होते, म्हणून विमानास खाली येण्याची परवानगी उशिरा मिळाली. उड्डाणाची वेळ रात्र उलटतानाची, म्हणजे माणसाचे शरीर ज्या घटकेस झोप मागते तीच. आणि धावपट्टीच्या पुढे एका यंत्रणेचा काँक्रीटचा पाया उभा होता. घसरत्या विमानाचा पंख त्यावर आदळला.

या साऱ्यात माझे मन अडकते ते त्या तीन सूचनांपाशी. एका माणसाला धोका दिसला होता. तो बोललाही होता. एकदा नव्हे, तीनदा. परंतु बोलणे आणि कृती आपल्या हाती घेणे यांच्यामध्ये एक अदृश्य उंबरठा असतो, आणि तो ओलांडणे आपल्या संस्कारांत फार कठीण असते. वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नये, साहेबांना चारचौघांत चुकीचे ठरवू नये, हे आपण बालपणापासून शिकतो. जमिनीवर हे शिष्टाचार शोभतात. आकाशात मात्र 'सर, मला वाटते' अशी नम्र सुरुवात करता करता जमीन जवळ येते.

हा दोष केवळ आपल्याच समाजाचा आहे असे मात्र कोणी समजू नये. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो जेट विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे दगावली. विमानवाहतुकीच्या इतिहासात दोन विमानांच्या टकरीत एवढी हानी दुसऱ्या कोणत्याही वेळी झालेली नाही. डच विमानाचे कॅप्टन त्यांच्या कंपनीतील अत्यंत मान्यवर शिक्षक होते. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका त्यांच्या कक्षातील अभियंत्याने बोलून दाखविली होती. कॅप्टननी ती ठामपणे बाजूला सारली. मग कोणी पुन्हा बोलले नाही.

अशा अनुभवांतून विमानसृष्टी शिकली, हे तिचे मोठेपण. १९७९ साली अमेरिकेतील नासा या संस्थेने या विषयावर परिषद भरविली, आणि कक्षातील माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, कसे ऐकावे, शंका कशी मांडावी याचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. उतरण्याचा टप्पा नीट जमला नाही की वाद न घालता पुन्हा वर जावे, आणि तसे सुचविण्याचा अधिकार कनिष्ठासही असावा, हा नियम झाला. त्याच्याही आधी, १९७६ पासून, आपल्या चुका स्वतःहून कळविणाऱ्यास अभय देणारी व्यवस्था तेथे सुरू झाली होती. तिच्यामागील विचार साधा आहे. शिक्षेचे भय असेल तर माणूस चूक लपवितो. आणि लपविलेली चूक दुसऱ्या कोणाच्या तरी विमानाची वाट पाहत बसते. विमानप्रवास गेल्या अर्धशतकात पुष्कळ सुरक्षित झाला, त्यात सुधारलेल्या यंत्रांइतकाच या मोकळेपणाचाही वाटा आहे.

पण नियम कागदावर आला म्हणजे तो कक्षात पोहोचला असे होत नाही. मंगळूरनंतर दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिकोड येथे तशाच टेकडीवरील धावपट्टीवर, भर पावसात, मागून वाहणाऱ्या वाऱ्यासह उतरणारे विमान जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर टेकले आणि पुढे जाऊन कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. येथेही सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सांगितले होते. चौकशी मात्र तेवढ्यावर थांबली नाही. त्या तळावर कॅप्टनांची संख्या अपुरी होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्याच कॅप्टनांच्या नावावर लागले होते, याकडेही तिने बोट दाखविले. आज रात्री उतरलो नाही तर उद्याचे विमान कोण नेणार, ही चिंता एखाद्या कर्तव्यदक्ष माणसाच्या मनात घर करून बसू शकते. कार्यालयातील एका कोऱ्या रकान्याचे वजन अशा रीतीने धावपट्टीवर येऊन पडते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सारेच दोषी म्हटले की कोणीच दोषी राहत नाही. व्यवस्थेच्या नावावर माणसे आपली जबाबदारी झटकतील. तसे होता कामा नये. वैमानिकाच्या हाती शेकडो प्राण असतात, आणि ज्याच्या हाती प्राण त्याने जाब दिलाच पाहिजे. परंतु जाब जसा दांडे धरणाऱ्याने द्यावयाचा तसाच कागदावर सही करणाऱ्यानेही द्यावयाचा आहे. फरक इतकाच, की वैमानिक आपल्या चुकीबरोबर अनेकदा स्वतःही मरतो; सही करणारा दुसऱ्या दिवशी कार्यालयात येतो. म्हणून मेलेल्या माणसावर सारा दोष ठेवणे सोपे असते. त्याला उत्तर देता येत नाही, आणि त्याच्या निमित्ताने कोणाचाही रस्ता, कोणाचेही रडार, कोणतेही वेळापत्रक बदलावे लागत नाही.

आता आमच्या पेठेवरील आभाळातून उतरत्या प्रवासी विमानांची ती जुनी रांग जात नाही. राव ओसरीवर बसत, ती जागाही रिकामी आहे. ते आज भेटले तर मी त्यांना म्हणेन, "राव, चूक कोणाची हे जरूर विचारा, पण तेथेच थांबू नका. ती चूक त्या माणसाला इतकी सोपी कोणी करून ठेवली, हेही विचारा. आणि ती होत असताना शेजारी बसलेला बोलला का. बोलला असेल तर त्याचे ऐकले का गेले नाही, हेही विचारा."

हा प्रश्न केवळ विमानांचा नाही. इस्पितळातील शस्त्रक्रियेच्या खोलीत, कारखान्यातील यंत्रापाशी, रेल्वेच्या केबिनमध्ये, किंबहुना आपल्या घरातही, वयाने वा हुद्द्याने लहान असलेला कोणी कधी तरी दबकत म्हणतो, "मला वाटते, येथे काही तरी चुकते आहे." त्या क्षणी आपण थांबतो की त्याला गप्प करतो, यावर कितीतरी प्राण अवलंबून असतात. त्याचे म्हणणे दहांपैकी नऊ वेळा निराधार ठरेल. तरीही ते ऐकून घ्यावे, कारण दहावी वेळ कोणती हे आधी कोणालाच सांगता येत नाही.